अंगणवाडींतील पहिले दिवस

आषाढ लागला कीं भंडारा जिल्ह्यांत धानाच्या रोवणीची घाई सुरू होते. पवनी-लाखांदुरापासून तुमसर-मोहाडीपर्यंत बांध्या पाण्यानें भरतात आणि बायामाणसें सकाळींच चिखलांत उतरतात. नेमक्या याच दिवसांत पुष्कळ घरांतलें तीन वर्षांचें मूल प्रथमच अंगणवाडीच्या दारांत आणून उभें केलें जातें. मायला मजुरीची वेळ गांठावयाची असते. मूल पदर सोडीत नाहीं. शेवटीं कोणी तरी खिडकीबाहेरची चिमणी दाखवितें आणि तेवढ्यांत माय निसटते. मूल वळून पाहतें, तों दार रिकामें! मग जो आकांत उठतो त्यास वडील माणसें हट्ट असें नांव देतात.

वस्तुतः तो हट्ट नव्हे. "दुपारीं येतें" या शब्दांना मोठ्यांच्या लेखीं जो अर्थ आहे तो तीन वर्षांच्या मुलाच्या लेखीं नसतो. घड्याळ त्यास ठाऊक नाहीं. अनोळखी जागीं सोडून गेलेलें माणूस परत येतेंच, हा अनुभव त्याच्या गांठीं अद्याप थोडा आहे. फसवून गेल्यामुळें तो थोडा अनुभवही खोटा ठरतो, आणि दुसऱ्या दिवशीं मूल घराच्या उंबऱ्यापासूनच रडूं लागतें. चिमणी दाखविण्याची युक्ति एका सकाळीं साधते; पुढें कित्येक सकाळीं तिचें व्याज फेडावें लागतें.

यावर कोणी म्हणेल कीं, रडणारें मूल चार दिवसांनीं आपोआप गप्प होतें. होतें खरें, परंतु गप्प होणें आणि रमणें या दोन गोष्टी एक नव्हेत. इ. स. १९५२ मध्यें इंग्लंडांत जेम्स रॉबर्टसन यांनीं, आठ दिवस रुग्णालयांत आईवांचून राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट लोकांपुढें ठेवला. मूल शांत आहे म्हणजे सुखांत आहे, अशी डॉक्टरांची व परिचारिकांची तोंवर समजूत होती. या चित्रपटानें तिला धक्का बसला. रॉबर्टसन व त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनीं दाखविलें कीं, अशा वियोगांत मूल आधीं आक्रोश करतें, मग खिन्न होतें, आणि शेवटीं जणू कांहीं वाटतच नाहीं असें वागतें. अंगणवाडीचे चार तास म्हणजे रुग्णालय नव्हे, हें उघड आहे. तरी कोपऱ्यांत भिंतीला टेकून निमूट बसलेल्या मुलाकडे, रडणाऱ्याहूनही अधिक लक्ष पुरविलें पाहिजे, एवढा बोध त्यांतून घेण्यास हरकत नाहीं.

महाराष्ट्राला या प्रश्नाचें एक उत्तर फार पूर्वींच सुचलें होतें. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासह काम केलेल्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ मध्यें बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें. अनुताई वाघ त्यांना तेथें येऊन मिळाल्या. गरीब वस्तींतलीं मुलें बालवाडींत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं बालवाडीच वस्तीच्या अंगणांत नेली. शंख-शिंपले, पानें, खडे हींच तेथील साधनें. अंगणांत भरणाऱ्या शाळेंत घर डोळ्यांसमोरच राहतें, आणि नवें माणूस मुलाच्या ओळखीच्या जागेंत येतें. १९५७ मध्यें हें कार्य डहाणू तालुक्यांतील कोसबाडच्या टेकडीवर गेलें. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेंतील केंद्रें आज अंगणवाडी याच नांवानें ओळखलीं जातात. मात्र अंगण मागें राहिलें आणि दार पुढें आलें.

तें दार ओलांडण्याची एक रीत बर्लिन शहरांत गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत बसविली गेली. पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलासह तासभर येतात व एका बाजूस स्वस्थ बसतात. मुलास पुढें ढकलीत नाहींत, जवळ आल्यास दूरही लोटीत नाहींत. चौथ्या दिवशीं सांगून, निरोप घेऊन थोडाच वेळ बाहेर जातात. मूल रडलें, पण बाईंच्या समजावण्यानें निवळलें, तर हा वेळ रोज वाढवितात. न निवळल्यास आई लगेच परत येते, आणि पुन्हा कांहीं दिवस तिनें सोबत बसावयाचें. कसोटी रडण्याची नाहीं. बाईंनीं जवळ घेतलेलें मुलास चालतें कीं नाहीं, ही आहे.

मजुरीवर जाणाऱ्या बाईनें हे दिवस आणावयाचे कोठून? धानाचे पऱ्हे वाढत असतात ते सुमारें तीन आठवडे, रोवणीच्या मानानें, हातास थोडी उसंत असते. प्रवेश तेव्हांच उरकावा. तेंही न साधल्यास आजीनें बसावें. मूल रात्रीं ज्याच्या कुशींत झोपतें असें कोणतेंही माणूस चालेल. निरोप लहान व खरा असावा, आणि वेळ घड्याळाची न सांगतां मुलाच्या दिवसांतली सांगावी: "खिचडी खाऊन झाली कीं मी येतें." मग खिचडीनंतर आलेंच पाहिजे. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा हातीं असेल तर तो काढून घेऊं नये.

आणखी एक गोष्ट या भागापुरती. येथील कित्येक घरांत झाडीबोली बोलली जाते. तींत "ण" नसतो, मूल "पानी" मागतें. पहिल्याच दिवशीं त्याचा उच्चार सुधारूं गेल्यास तें पाणी मागणेंच सोडतें. सेविका बहुधा गांवचीच असल्यानें ही बोली तिच्याही तोंडीं असते. पाहुण्यांसमोर शोभावें म्हणून तिनें ती टाकूं नये. पुस्तकी भाषेला पुढें वर्षें पडलीं आहेत.

घरीं "थांब, बाईंना सांगतें" असा धाक कधींही घालूं नये. पोळ्याच्या सुट्टीनंतर किंवा तापांतून उठल्यावर रडें परत आलें तर तें स्वाभाविक समजावें. परंतु महिना-सव्वा महिना लोटूनही मूल तेथें खात नाहीं, खेळत नाहीं, कोणाच्याही हातीं शांत होत नाहीं, असें असेल तर त्याचें ऐकूं येणें व प्रकृति तपासून घ्यावी, आणि तेथें त्यास कोणाची भीति वाटते काय हें हळूच काढून घ्यावें. याउलट कित्येक मुलें दिवसभर हसतात, आणि माय दारांत दिसतांच हंबरडा फोडतात. तेवढ्यावरून त्याचा सारा दिवस दुःखांत गेला असें तिनें धरूं नये. तो कसा गेला हें बाईंना विचारावें.