दुबईला माल पाठवायचाय? व्यापारी शिष्टमंडळ काय देतं, काय देत नाही

कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी आखातात आहे. त्यामुळे घरचा आंब्याचा पल्प, कोकम आगळ, मसाला, लोणचं दुबईला पोहोचतंच, पण बॅगेतून. भावाच्या रूमवरच्या चार दोस्तांनी डबे घेतले की घरात वाटतं, चला, एक्स्पोर्ट सुरू झाला! मग कुणीतरी सांगतो की दुबईला व्यापाऱ्यांचं शिष्टमंडळ चाललंय, एवढे पैसे भरा, ऑर्डर पक्की. इथेच थांबून नीट समजून घेतलं पाहिजे, कारण हे पैसे बहुतेक वेळा घरातल्या दागिन्यांवर उचललेले असतात.

व्यापारी शिष्टमंडळ म्हणजे एकाच प्रकारचा माल बनवणाऱ्या लहान-मोठ्या उद्योजकांना एकत्र परदेशात नेणं आणि तिथल्या खरेदीदारांसमोर बसवणं. कधी ते मोठ्या प्रदर्शनात असतं. खाण्याच्या वस्तूंसाठी दुबईचं गल्फूड हे १९८७ पासूनचं प्रदर्शन त्यातलं नावाजलेलं. कधी नुसत्या ठरवलेल्या भेटी असतात, त्याला खरेदीदार-विक्रेता मेळावा म्हणतात. कधी उलटं होतं, म्हणजे तिकडचे खरेदीदारच इकडे येतात. आमच्या मते नवख्या माणसाने सुरुवात या शेवटच्या प्रकारापासून करावी. विमानाचा खर्च वाचतो आणि प्रश्न कसे विचारले जातात ते कळतं.

हे सगळं भरवतं कोण? प्रत्येक मालाची निर्यात परिषद किंवा मंडळ वेगळं आहे. आंब्याचा पल्प, लोणची यांसाठी अपेडा, मसाल्यांसाठी स्पायसेस बोर्ड, भिवंडी-मालेगावच्या पॉवरलूमवाल्यांसाठी पीडेक्सिल, चामड्याच्या वस्तूंसाठी चर्म निर्यात परिषद. सगळ्यांची मिळून फिओ ही संघटना १९६५ पासून आहे. परदेशातला भारतीय दूतावासही खरेदीदार गाठून द्यायला मदत करतो. स्टॉलचं भाडं, विमानाचं तिकीट यांतला काही भाग लहान उद्योगांना मिळावा म्हणून केंद्राच्या योजना आहेत. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. परतफेडीच्या योजनेत पैसे आधी आपल्या खिशातून जातात आणि आल्यावर कागद बघून मर्यादेइतके परत मिळतात. त्यामुळे उद्यम नोंदणी हवी, अर्ज वेळेत हवा आणि बोर्डिंग पाससुद्धा जपून ठेवायचा.

आता तयारीचं बघू, कारण खरी गोची इथेच होते.

शाळेत नफा-तोट्याची गणितं शिकवताना आम्ही मुलांना बजावतो की वाहतूक खर्च खरेदी किमतीत धरायचा. मोठी माणसं नेमकं तेच विसरतात. समजा, पल्पचा डबा आपल्याला घरात १४० रुपयांना पडतो. त्यावर खोका, न्हावा-शेवा बंदरापर्यंतचा ट्रक, कस्टम एजंटची फी आली. इथपर्यंत, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचा जो भाव, तो एफओबी. पुढचं जहाजाचं भाडं आणि विमा धरून जबेल अलीपर्यंतचा भाव, तो सीआयएफ. समोरचा खरेदीदार पहिल्या पाच मिनिटांत हा भाव डॉलरमध्ये विचारतो. तिथे ‘घरी विचारून सांगतो’ म्हटलं की तो कार्ड ठेवून घेतो आणि पुढच्या टेबलाकडे वळतो.

दुसरा प्रश्न असतो, महिन्याला किती देऊ शकता? बचत गटाच्या ताईंनी मोठ्या हौसेने नेलेलं लोणचं चाखून खरेदीदार खूश होतो आणि अख्खा कंटेनर मागतो. २० फुटी कंटेनर भरायचा म्हणजे कित्येक टन माल, आणि सगळा एकाच चवीचा. तेव्हा स्पष्ट सांगावं की सुरुवातीला दुसऱ्यांच्या मालासोबत अर्धवट कंटेनरमधून पाठवू. किंवा गावातल्या चार-पाच जणांनी मिळून एकच नाव, एकच चव ठरवून जावं. लाजून ‘हो’ म्हणण्याइतकं महाग काही नाही.

कागदांत डीजीएफटीचा आयईसी क्रमांक सर्वात आधी. तो ऑनलाइन निघतो, फी ५०० रुपये. मग त्या त्या परिषदेचं सदस्यत्व, खाण्याच्या मालाला एफएसएसएआयचा परवाना. यूएईत डब्यावरची माहिती अरबीतही लागते. आपली मुलं-मुली थोडीफार अरबी वाचतात म्हणून घरच्या घरी लेबल करू नका, जाणकाराकडून करून घ्या. ‘हापूस’ या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. ते वापरायचं तर आपली नोंदणी झालेली असावी.

हलालबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. मालक मुसलमान आहे, म्हणून माल हलाल, असं तिकडचं सरकार धरून चालत नाही. मांस किंवा जिलेटिनसारखा प्राणिजन्य घटक असेल तर त्या देशाने मान्य केलेल्या संस्थेचंच प्रमाणपत्र लागतं. मोहल्ल्यातल्या कुणाचं पत्र चालत नाही.

१ मे २०२२ पासून भारत आणि यूएई यांच्यातला व्यापार करार लागू आहे. तिथे साधारण ५ टक्के आयात शुल्क असतं. करारामुळे बऱ्याच भारतीय मालावर ते लागत नाही. मात्र मालासोबत मूळ देशाचं प्रमाणपत्र नसेल तर ही सवलत मिळत नाही, आणि मग खरेदीदाराचं आणि आपलं भांडण ठरलेलं.

पैशाचा विषय शेवटी काढला, पण घर बुडतं ते इथेच. प्रदर्शनात गोड बोलणारा माणूस ‘माल पाठवा, विकला की देतो’ म्हणतो. कधी तो आपल्याच गावाकडचा निघतो, आणि मग भिडेपोटी आपण काही विचारत नाही. विचारा! पहिल्या व्यवहाराला काही रक्कम आगाऊ घ्या किंवा बँकेमार्फत एलसी मागा. एलसी म्हणजे कागद बरोबर असतील तर पैसे देण्याची तिकडच्या बँकेची हमी. उधारीवरच द्यायचं असेल तर ईसीजीसी या सरकारी कंपनीचा विमा घ्या. खरेदीदाराने पैसे बुडवले तर नुकसानीचा मोठा भाग ती भरून देते. आणि पैसे बँकेतूनच यायला हवेत. भाच्याने तिकडे रोख घेतले, इकडे कुणीतरी आणून दिले, असला हिशेब कायद्यात बसत नाही आणि निर्यातीच्या सवलतीही त्यात हातच्या जातात.

शिष्टमंडळातून परतताना बहुतेकांच्या हातात ऑर्डर नसते, २०-२५ कार्डं असतात. आठवड्याच्या आत प्रत्येकाला भाव आणि फोटोसह ईमेल गेला पाहिजे. मागितलेला नमुना कुरिअरने गेला पाहिजे. इथे घरातल्या बीकॉम झालेल्या मुलीला बसवा, ती हे काम नेटाने करेल. आखातातले दुकानदार रमजानची खरेदी काही महिने आधीच ठरवतात, तेव्हा पुढच्या रमजानची तारीख बघूनच कुठल्या शिष्टमंडळात जायचं ते ठरवा. जिल्हा उद्योग केंद्रात आणि आपल्या परिषदेच्या कार्यालयात वर्षभराचं वेळापत्रक विचारा. आणि कुणी बाहेरचा पैसे मागत असेल तर त्याचं शिष्टमंडळ या परिषदेच्या यादीत आहे का, हेही तिथेच विचारून घ्या.