कोंबडीचे कूळ

परभणीच्या काळ्या रानात दाणे टिपणारी कोंबडी मूळची कोणत्या कुळातली? इंग्लंडचे हक्सले गेल्याच्या गेल्या शतकात म्हणाले, डायनोसॉरांच्या. डेन्मार्कच्या हाइलमान यांनी १९२६ च्या इंग्रजी ग्रंथात हरकत घेतली: पक्ष्याच्या गळ्याशी बेचक्यासारखे हाड असते, डायनोसॉरांना ते नाही, तेव्हा पक्षी त्यांच्याहून जुन्या सरपटणाऱ्या प्राण्यांपासून निपजले. पुष्कळांना हे पटले. पण पुढे तेच हाड डायनोसॉरांतही मिळाले, आणि १९९६ साली चीनमध्ये पिसांसारखे आवरण असलेला डायनोसॉर उजेडात आला. हाड सापडले नाही, म्हणजे ते नव्हतेच असे थोडेच आहे! आपली काळी माती ज्या लाव्ह्याच्या खडकाची झाली, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्याच सुमारास बाकीचे डायनोसॉर संपले. उरले ते पक्षीच.