निधी मागण्याआधी हिशेब

वलगावात देणगीबद्दल बोलायचं, तर सुरुवात गाडगेबाबांपासूनच व्हायला हवी. २० डिसेंबर १९५६ रोजी इथंच, पेढी नदीजवळ, बाबांनी देह ठेवला. लोकांच्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. दिलेला पैसा कुठं गेला, हे लोकांना डोळ्यांनी दिसत होतं.

आज आपल्याला हेच कागदावर दाखवावं लागतं. आधी धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, संस्थेच्या नावाचं बँक खातं आणि दरवर्षीचं ऑडिट. मग आयकर खात्याकडची संस्थेची नोंदणी आणि देणगीवरच्या करसवलतीची मान्यता. ही मान्यता असली की जुन्या करप्रणालीतल्या देणगीदाराला सवलत मिळते. पण २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. म्हणून मोठी रक्कम चेकनं किंवा ऑनलाइन घ्यावी.

कंपन्यांच्या सीएसआर निधीतून काम करायचं, तर २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी करावी लागते. कायदा कंपनीला आपल्या कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो. तेव्हा मुंबई गाठण्याआधी आपण नांदगाव पेठच्या एमआयडीसीत चौकशी करू या.

प्रस्ताव लिहून देणारा माणूस मिळतो हो. पण तीन वर्षांचं ऑडिट एका रात्रीत होत नाही. काम चांगलं असूनही अर्ज परत येतो, तो बहुतेक वेळा इथंच.