घाटात तापलेले इंजिन

मराठीच्या प्राध्यापकाने इंजिनाविषयी लिहावे, हे कीर्तनकाराने कुस्तीचे डाव सांगण्यासारखे आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. 'तापणे' या क्रियापदाचे नाना प्रयोग मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो. ऊन तापते, दूध तापते, वडिलांचे डोके तापते. परंतु ट्रकचे इंजिन तापते म्हणजे नेमके काय होते, हे मला २०१९ सालच्या मे महिन्यापर्यंत ठाऊक नव्हते. ज्या दिवशी ते कळले, त्या दिवशी माझा उजवा हात भाजता भाजता वाचला आणि एका गरीब पोराची नोकरी जाता जाता राहिली.

झाले असे की, माझ्या वडिलांच्या निधनानंतर त्यांची पुस्तके वाई तालुक्यातल्या आमच्या आजोळच्या वाचनालयाला द्यायची असे ठरले. पुस्तकांची सोळा खोकी भरली. माझ्या मामांचा एक जुना ट्रक होता. तीस वर्षे त्यावर त्यांनी संसार चालवला, दोन मुलींची लग्ने केली. मामा पुण्याहून खताची पोती घेऊन गावी निघालेच होते. "तुझी खोकी टाक वर. खत काय नि पुस्तकं काय, दोन्ही पेरणीच्या कामाचीच," असे म्हणून त्यांनी मलाही केबिनमध्ये बसवले. शेजारी विशी-एकविशीचा क्लीनर होता. वर्षभरापूर्वी कामाला लागलेला, बोलायला लाजणारा.

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी वाहने त्या वेळी खंबाटकीचा घाट चढून जात. परतणाऱ्यांसाठी बोगदा होता. शिरवळला चहा झाला, क्लीनरने पाणी भरले आणि भर दुपारी आम्ही घाटाला लागलो. निम्मा चढ होतो न होतो तोच तापमानाचा काटा तांबड्या रेघेकडे सरकला आणि पुढून वाफेचा लोट उठला. मामांनी ट्रक कडेला घेऊन इंजिन बंद केले, क्लीनरने चाकाखाली दगड लावला. मी उत्साहाने खाली उतरलो आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, एवढ्यात मामांनी माझे मनगट असे पकडले की आठ दिवस वळ राहिला.

"हात पाहिजे ना खडू धरायला?" ते ओरडले.

त्यामागचे शास्त्र मला पुढे समजले. उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांना उकळते. रेडिएटरचे झाकण मात्र स्प्रिंगने पाणी दाबून धरते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा निम्म्याने जास्त झाला, तर पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. अशा वेळी झाकण फिरवले की दाब एकदम उतरतो, त्या पाण्याची तत्क्षणी वाफ होते आणि ती उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. म्हणून किमान अर्धा तास थांबावे, जाड फडके घ्यावे आणि झाकण आधी थोडेसेच सैल करावे. घाई करून तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नये. ओतीव लोखंडाला तडा जातो आणि मग नुकसान हजारांत मोजावे लागते.

तासाभराने झाकण उघडले. पाणी तळाला गेले होते. मामांचा राग मात्र निवला नव्हता.

"शिरवळला पाणी बघितलंस म्हणालास ना?"

"बघितलं मालक. गळ्यापर्यंत भरलं."

"मग हे काय, मी प्यालो?"

पोरगा गप्प झाला. पंधरा दिवसांत ही तिसरी खेप होती. प्रत्येक वेळी घाटातच ट्रक तापे आणि प्रत्येक वेळी पाणी कमी निघे. "गावी पोचलो की तुझा हिशेब करतो. उद्यापासून येऊ नकोस," मामा म्हणाले. मी प्राध्यापक असून एक शब्द बोललो नाही. खरे सांगायचे तर, मलाही मामांचेच म्हणणे पटले होते. पाणी कमी आहे आणि पाणी भरणारा समोर उभा आहे, मग आणखी पुरावा कशाला हवा?

कॅनमधले पाणी सावकाश भरले आणि दोनदा थांबत, मुंगीच्या पावलांनी आम्ही घाट चढलो. पलीकडे उतरल्यावर सुरूर फाट्याजवळ मामांच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री होते, त्यांच्या शेडखाली ट्रक उभा केला.

"आण्णा, हेड गेलं असणार," मामा हताशपणे म्हणाले. "आता भंगारातच घालावा म्हणतो."

मिस्त्रींनी उत्तर दिले नाही. विडी विझवली आणि विचारले, "सपाटीला तापतो का?"

"नाही."

"उभ्या उभ्या चालू ठेवला तर?"

"तरी नाही. घाटातच."

वैद्याने नाडी पाहावी तसे त्यांचे काम सुरू झाले. आधी फुकटातल्या परीक्षा. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. जेमतेम अर्धा इंच दबला, म्हणजे ठीक. रेडिएटरच्या जाळीत कडब्याचा भुसा अडकला होता, तो मागच्या बाजूने पाणी मारून काढला. मग तेलाची पट्टी ओढली. तेलात पाणी मिसळले असते तर ते दुधाळ दिसले असते. हे काळेच होते. इंजिन सुरू करून रेडिएटरच्या तोंडाशी पाहिले. गॅसकेट फुटून आतला वायू पाण्यात शिरत असेल तर तिथे सारखे बुडबुडे येतात. बुडबुडे नव्हते. "हेड शाबूत हाय," मिस्त्री म्हणाले. मामांनी सोडलेला सुस्कारा मला लांबून ऐकू आला.

पुढे थर्मोस्टॅट. इंजिन थंड असताना पाण्याची वाट अडवून धरणारी आणि ते तापले की ती मोकळी करणारी ही एक झडप असते. बहुधा ८० अंशांच्या वर काही अंशांवर ती उघडते. ती उघडलीच नाही तर पाणी इंजिनातच कोंडते. मिस्त्रींनी ती काढून एका जुन्या पातेल्यात टाकली, शेजारी दुकानातली नवी ठेवली आणि स्टोव्ह पेटवला. दोन्ही झडपा जवळजवळ बरोबरच उघडल्या. तीही निर्दोष!

सगळे पुन्हा जागेवर बसवल्यावर मिस्त्रींनी इंजिन चांगले तापू दिले. मामांना अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगितले आणि क्लीनरला हाक मारली. "ये रं इकडं. ही खालची नळी बघत राहा, हात मागं ठेव."

इंजिन गरजले. पोरगा वाकून पाहत होता. एकदम ओरडला, "बसली! नळी बसली!"

मीही वाकलो. रेडिएटरच्या तळापासून पंपाकडे जाणारी मनगटाएवढी जाड रबरी नळी चोखून टाकलेल्या आंब्यासारखी चपटी झाली होती. मामांनी पाय उचलला, तशी ती हळूहळू फुगून पूर्ववत गोल झाली. जणू काही घडलेच नव्हते.

मिस्त्रींनी उलगडा केला तो असा. वरच्या नळीतून तापलेले पाणी रेडिएटरमध्ये येते आणि निवलेले पाणी पंप खालच्या नळीतून ओढून घेतो. इंजिन जोरात फिरू लागले की ही ओढ वाढते. जुने रबर तापून मऊ झालेले असले, तर नळीच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि पाण्याचा फेराच बंद पडतो. मग इंजिनातले पाणी उकळते आणि झाकणावाटे बाहेर पडते. थांबून पाहावे तर नळी गोल आणि पाणी कमी! पाणी कमी झाले म्हणून ट्रक तापत नव्हता. ट्रक तापत होता म्हणून पाणी कमी होत होते. आम्ही कार्यालाच कारण समजून बसलो होतो. तर्कशास्त्रातली ही चूक मी निबंधांच्या वहीत तांबड्या शाईने कितीदा दाखवली असेल!

"ह्या नळीच्या आत तारेची स्प्रिंग असती," मिस्त्री म्हणाले. "ती का न्हाई? नळी कुणी बदलली?"

मामा जरा वेळाने म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी मीच बदलली. जुनी स्प्रिंग गंजली होती. तिच्यावाचून काय अडतंय म्हणून फेकून दिली."

कोणी काही बोलले नाही. मिस्त्रींनी आत स्प्रिंग घालून नवी नळी बसवली, झाकण बदलले, गढूळ पाणी काढून टाकले. बिल काही शेकड्यांत भागले. चहा आला. मामांनी पहिला कप उचलला, क्षणभर हातात धरला आणि क्लीनरपुढे केला. "घे. आणि सकाळी सहाला ये, उशीर नको." आमच्या मामांनी जन्मात यापेक्षा स्पष्ट माफी मागितल्याचे मला स्मरत नाही. पोराने मान खाली घालून कप घेतला.

पुढे मी कुतूहलाने या विषयावर थोडे वाचले. इंधनातून मिळणाऱ्या उष्णतेपैकी, ढोबळ हिशेबाने, एक तृतीयांशच चाके फिरवते. एक तृतीयांश धुराबरोबर जाते आणि उरलेली बरीचशी पाण्यानेच वाहून न्यावी लागते. कार्ल बेन्झच्या पहिल्या मोटारीत पाणी निवण्याची सोय नव्हती, ते वाफ होऊन उडून जाई. म्हणून १८८८ साली त्याची पत्नी बेर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, तेव्हा शंभरावर किलोमीटरांच्या त्या प्रवासात तिला वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले. १९०० च्या अखेरीस विल्हेल्म मायबाखने आठ हजारांहून अधिक बारीक नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर मोटारीला बसवला आणि थोड्या पाण्यात काम भागू लागले.

आपल्या घरच्या मोटारीतही हीच व्यवस्था असते. घाटात काटा तांबड्याकडे सरकला तर एसी बंद करून हीटर लावावा. उकाडा होईल, पण इंजिनाची थोडी उष्णता बाहेर पडेल. तरीही काटा चढला किंवा वाफ दिसली तर कडेला थांबून इंजिन बंद करावे आणि झाकणाला हात लावू नये. आणि मिस्त्रीकडे गेल्यावर "हेड गेलं" असे आपणच सांगू नये. कधी, कुठे आणि किती वेळाने तापते, एवढेच सांगावे.

त्या जूनमध्ये कॉलेज उघडले. पहिल्या तासाला सारखा उशिरा येणारा एक विद्यार्थी दारात उभा राहिला. नेहमीचे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. ते गिळून मी त्याला तास संपल्यावर थांबायला सांगितले आणि विचारले, "रोजच उशीर होतो, की ठरावीक वारीच?"

तो म्हणाला, "सोमवारी आणि गुरुवारी, सर. त्या दिवशी आईला दवाखान्यात न्यावं लागतं."