शंभर वर्षांपूर्वीची काडतुसे आणि अमेरिकेतले हरीण

उत्तर अमेरिकेत शरद ऋतूच्या अखेरीस, विशेषतः नोव्हेंबर महिन्यात, रायफलीने हरणांच्या शिकारीचा अधिकृत हंगाम सुरू होतो आणि पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन यांसारख्या राज्यांत परवाना घेतलेले लाखो लोक जंगलात उतरतात. त्यांचे लक्ष्य प्रामुख्याने पांढऱ्या शेपटीचे हरीण हे असते; पश्चिमेकडील डोंगराळ आणि मोकळ्या प्रदेशांत त्याची जागा लांब कानांचे म्यूल हरीण घेते. या शिकारीसाठी दरवर्षी नवनवीन काडतुसे बाजारात येत असली, तरी १८९० ते १९५५ या काळात जन्मलेली मोजकी काडतुसे आजही टिकून आहेत आणि त्यांतले कोणते निवडावे हा तेथील शिकारी साहित्यातला न संपणारा वाद आहे. वाद वरकरणी आकड्यांचा दिसतो. प्रत्यक्षात तो भूप्रदेश, अंतर आणि माणसाचा खांदा यांचा आहे.

रायफलीच्या काडतुसाचे चार भाग असतात. पितळी नळकांडे, त्याच्या बुडाशी बसवलेली आणि चाप ओढताच ठिणगी देणारी टोपी, आत भरलेली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. सामान्य बोलीत संपूर्ण काडतुसालाच गोळी म्हटले जाते, परंतु या विषयात हा भेद पाळावा लागतो, कारण हरणापर्यंत पोहोचते ती केवळ गोळी, आणि तिचा वेग ठरतो तो नळकांड्यात मावणाऱ्या दारूवर व रायफलीला सोसवणाऱ्या दाबावर. गोळीचे वजन ‘ग्रेन’ या जुन्या एककात मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, त्यामुळे १५० ग्रेनची गोळी पावणेदहा ग्रॅमच्या आसपास भरते. काडतुसाच्या नावातील .३० किंवा .२७० हे आकडे नळीचा किंवा गोळीचा व्यास इंचाच्या अंशांत साधारणपणे दर्शवतात.

या सर्व काडतुसांचे मूळ एका रासायनिक शोधात आहे. फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॉल व्हिएय याने १८८४ मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून धूररहित दारू तयार केली आणि दोनच वर्षांत फ्रेंच सैन्याने तिच्यावर चालणारी ८ मिलिमीटरची लेबेल रायफल स्वीकारली. तोपर्यंत वापरात असलेली काळी दारू दाट धूर सोडत असे, नळीत काजळीचा थर साचवत असे आणि गोळीला फार वेग देऊ शकत नसे. म्हणून आघात वाढवायचा तर गोळी जाड आणि जड करण्यावाचून इलाज नव्हता. नव्या दारूने हे समीकरण उलटे केले. बारीक व्यासाची, हलकी पण वेगवान गोळी शक्य झाली, आणि गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात परंतु वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे अशी गोळी जुन्या जाड गोळीइतकीच परिणामकारक ठरली, शिवाय तिचा मार्गही अधिक सपाट राहिला.

अमेरिकेत शिकारीसाठी धूररहित दारूवर बेतलेले पहिले काडतूस म्हणून विंचेस्टर कंपनीच्या .३०-३० चा मान आहे. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेली १८९४ ची विंचेस्टर रायफल आरंभी काळ्या दारूच्या काडतुसांसाठीच विकली गेली, कारण वाढलेला दाब सोसणारी निकेलमिश्रित पोलादाची नळी तयार व्हायला थोडा अवधी लागला. १८९५ मध्ये ती आली आणि तिच्याबरोबर हे काडतूसही आले. नावातील पहिले तीस म्हणजे .३० इंचाचा व्यास आणि दुसरे तीस म्हणजे ३० ग्रेन दारू. चापाभोवतीचा दांडा खाली ओढून परत वर घेतला की रिकामे नळकांडे बाहेर पडून नवे काडतूस आत सरकते, अशी ही सुटसुटीत, हलकी आणि घोड्याच्या खोगिराला सहज लटकणारी रायफल होती. पुढील शतकभरात या एकाच नमुन्याच्या सत्तर लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या.

.३०-३० ची मर्यादा त्याच्या रायफलीतूनच आली, आणि काडतुसाचा विचार रायफलीपासून तोडून करता येत नाही हे येथे स्पष्ट दिसते. या रायफलीत काडतुसे नळीखालच्या लांब पोकळ दांड्यात एकामागोमाग एक झोपलेली असतात, म्हणजे मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकते. गोळी टोकदार असेल तर धक्क्यासरशी टोपी पेटून दांड्यातच स्फोट होण्याची भीती असते, म्हणून गोळीचे तोंड चपटे किंवा गोलसर ठेवावे लागते आणि असे तोंड हवेत वेगाने मंदावते. १७० ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे २,२०० फूट वेगाने निघते. १०० यार्डांवर नेम जुळवलेला असेल, तर २०० यार्डांवर ती साधारण आठ इंच खाली बसते. अलीकडे मऊ प्लॅस्टिकच्या टोकाच्या गोळ्यांनी ही अडचण थोडी कमी केली असली, तरी दीडशे यार्डांपलीकडे हे काडतूस नेणे म्हणजे त्याच्याकडून नको ती अपेक्षा करणे होय. तथापि पूर्वेकडील दाट झाडीत हरीण मुळात पन्नास-साठ यार्डांवरच दिसते, आणि तेथे हा दोष प्रत्यक्षात जाणवतच नाही. या काडतुसाला कालबाह्य ठरवणारे बहुतेक लेख मोकळ्या मैदानांत शिकार करणाऱ्यांनी लिहिलेले असावेत, असा संशय घेण्यास जागा आहे.

त्याच सुमारास युरोपात एक वेगळी परंपरा आकाराला येत होती. जर्मनीच्या माउझर कारखान्याने १८९२ मध्ये ७×५७ हे काडतूस तयार केले. यातील सात हा आकडा मिलिमीटरमधील व्यासाचा आणि सत्तावन्न हा नळकांड्याच्या लांबीचा. स्पेनने ते १८९३ मध्ये सैन्यासाठी स्वीकारले आणि १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात क्यूबामध्ये अमेरिकी सैनिकांनी त्याचा अनुभव समोरून घेतला. त्या अनुभवातून अमेरिकेने माउझरच्या धर्तीवर, खिटी मागेपुढे सरकवून चालवायची नवी रायफल घेतली, तिच्यासाठी १९०३ मध्ये नवे काडतूस केले, आणि जर्मनांनी टोकदार गोळी आणल्यावर तेच काडतूस १९०६ मध्ये पुन्हा सुधारले. हे .३०-०६ स्प्रिंगफील्ड, यातील सहा म्हणजे वर्ष. दोन महायुद्धांत ते वापरून घरी परतलेल्या सैनिकांनी तेच शिकारीला नेले, आणि ११० पासून २२० ग्रेनपर्यंतच्या गोळ्या त्यात चालत असल्यामुळे हरणापासून मूस या प्रचंड सांबरवर्गीय प्राण्यापर्यंत सर्वांसाठी ते एकच पुरे पडू लागले. हरणासाठी मात्र ते गरजेपेक्षा काहीसे जास्तच आहे.

.३०-०६ च्याच घराण्यातील नळकांड्याची मान आवळून विंचेस्टरने १९२५ मध्ये .२७० विंचेस्टर आणले. त्याची १३० ग्रेनची गोळी सेकंदाला तीन हजार फुटांहून अधिक वेगाने निघते आणि २०० यार्डांवर नेम जुळवल्यास ३०० यार्डांवर केवळ सहा-सात इंच खाली येते. पश्चिमेकडील ओसाड डोंगरउतारांवर म्यूल हरणामागे जाणाऱ्यांसाठी हे वरदान ठरले. ‘आउटडोअर लाइफ’ मासिकातून दीर्घकाळ लिहिणारे जॅक ओ’कॉनर या काडतुसाचे सर्वांत निष्ठावंत पुरस्कर्ते होते आणि त्याच्या लोकप्रियतेत त्यांच्या लेखणीचा वाटा मोठा आहे. नावात २७० असूनही त्याच्या गोळीचा व्यास .२७७ इंच असतो आणि सात मिलिमीटर म्हणवणाऱ्या माउझरच्या गोळीचा .२८४ इंच, फरक इंचाच्या सात सहस्रांशांचा, पण एकाची गोळी दुसऱ्याला चालत नाही.

आता मुख्य प्रश्न असा की, हरीण मरते कशाने? कारखान्यांच्या तक्त्यांत ऊर्जेचे आकडे ठळकपणे छापलेले असतात आणि त्यांवरून जास्त ऊर्जा म्हणजे खात्रीचा मृत्यू असा समज पसरतो. वस्तुतः हरीण पडते ते गोळीने हृदय किंवा फुप्फुसे भेदल्यामुळे होणाऱ्या रक्तस्रावाने आणि मेंदूचा प्राणवायू तुटल्याने. हे मर्मस्थान पुढच्या पायामागे, छातीच्या पिंजऱ्यात, साधारण आठ ते दहा इंच व्यासाचे असते. त्यासाठी गोळीने दोन कामे करावी लागतात: आत शिरताच तिचे मऊ शिशाचे तोंड उमलून रुंद झाले पाहिजे आणि तरीही तिने छातीच्या आरपार जाण्याइतके वजन टिकवले पाहिजे. नेहमीच्या मऊ तोंडाच्या गोळ्या सेकंदाला सुमारे १,८०० फुटांपेक्षा कमी वेगाने आदळल्या तर नीट उमलत नाहीत, तर अतिवेगवान पातळ गोळी जवळच्या अंतरावर खांद्याच्या हाडावरच फुटून विखुरते. म्हणून हरणासाठी काडतूस निवडताना नळकांड्यावरील नावाइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष गोळीच्या घडणीकडे द्यावे लागते. फुप्फुसांत नेमकी बसलेली गोळी खाऊनही हरीण पन्नास-शंभर यार्ड धावते. पोटात बसलेली गोळी कितीही बलवान काडतुसातली असली, तरी ते जनावर मैलभर जाऊन तासन्‌तास तडफडते. शिकारीच्या नीतीचा खरा प्रश्न येथे उभा राहतो.

नेमकेपणाशी जोडलेली गोष्ट म्हणजे दस्त्याचा खांद्याला बसणारा मागचा धक्का. आठ पौंडांच्या रायफलीत .३०-०६ चा धक्का सुमारे २० फूट-पौंड इतका असतो, तर .३०-३० आणि नंतर आलेल्या .२४३ यांचा साधारण त्याच्या निम्मा. धक्क्याची धास्ती बसलेला नेमबाज चाप ओढण्यापूर्वीच नकळत अंग चोरतो, डोळे मिटतो आणि नळी हलवतो. ही सवय एकदा जडली की सुटायला वेळ लागतो. गरजेपेक्षा जोरकस काडतूस निवडणाऱ्याचे नुकसान होते ते असे, आणि त्याची किंमत मोजतो तो प्राणी. याच कारणाने १९५५ मध्ये आलेले .२४३ विंचेस्टर नवशिक्यांत आणि सडपातळ बांध्याच्या शिकाऱ्यांत प्रिय झाले; त्याची १०० ग्रेनची गोळी हरणाला पुरेशी आहे, मात्र चुकलेल्या नेमाला ती फारशी सवलत देत नाही. ते ज्याची मान आवळून बनले ते १९५२ चे .३०८ विंचेस्टर, म्हणजे नाटो राष्ट्रांच्या ७.६२×५१ या लष्करी काडतुसाचे नागरी भावंड: ५१ मिलिमीटरच्या आखूड नळकांड्यातून ते .३०-०६ च्या जवळपास पोहोचणारा वेग देते.

निवडीवर कायद्याचेही बंधन असते. कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ इंच व्यास आणि ७० ग्रेन वजनाची गोळी आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये १९९१ च्या हरीणविषयक कायद्यानुसार मोठ्या हरणांसाठी किमान .२४० इंच व्यास आणि नळीच्या तोंडाशी १,७०० फूट-पौंड ऊर्जा लागते. सपाट आणि दाट वस्तीच्या ओहायोसारख्या राज्यांत, गोळी फार दूर जाऊ नये म्हणून, मान न आवळलेल्या सरळ नळकांड्यांच्या काडतुसांनाच परवानगी दिली जाते, आणि त्यामुळे १८७३ चे .४५-७० पुन्हा चलनात आले आहे. शिशाचे कण मृत प्राण्यांच्या अवशेषांतून काँडोर गिधाडांच्या पोटात जातात म्हणून कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसेयुक्त गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. तेथे तांब्याच्या गोळ्या वापराव्या लागतात. दुसरीकडे, १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसे यांवरील ११ टक्के शुल्क वन्यजीव संवर्धनाकडे वळवले. विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार शिकारीने पांढऱ्या शेपटीची हरणे काही लाखांवर आली होती. आज ती कोट्यवधी आहेत आणि या पुनरुज्जीवनात त्या पैशाचा वाटा आहे.

मराठी वाचकाला या काडतुसांपैकी एक वेगळ्या नावाने परिचित असेल. ७×५७ माउझर ब्रिटनमध्ये .२७५ रिग्बी या नावाने विकले जाई. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रायफल याच काडतुसाची होती आणि १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या त्यांनी .२७५ नेच टिपला. ब्रिटिश भारतात .३०३ सारख्या लष्करी बोअरच्या रायफली खासगी व्यक्तींना बाळगता येऊ नयेत असे धोरण असल्याने येथे .३१५ हे वेगळे काडतूस रुजले, आणि ते आजही परवानाधारकांकडे आढळते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मात्र भारतात हरणाची शिकार आता बंद आहे, त्यामुळे येथे हा विषय इतिहासाचा आणि शस्त्रविद्येचा उरला आहे.

अमेरिकेतील शिकाऱ्यापुढे निवड अजून खुली आहे आणि तिचा निवाडा फारसा अवघड नाही. दाट झाडीत दीडशे यार्डांच्या आत शिकार करणाऱ्याने .३०-३० सोडण्याचे कारण नाही; तीनशे यार्डांपर्यंत मोकळी जमीन असलेल्याला .२७० सारखे दुसरे सापडणे कठीण. धक्का, वेग आणि भेदकता यांचा सर्वांत समतोल मेळ ७×५७ मध्ये आहे, परंतु ही काडतुसे गावोगावच्या दुकानांत सहज मिळत नाहीत आणि जुन्या रायफलींच्या धास्तीने अमेरिकी कारखाने ती कमी दाबाची भरतात. म्हणून ज्याला एकच रायफल घ्यायची आहे, त्याने .३०८ घ्यावी आणि नव्या काडतुसाच्या जाहिरातीवर खर्च होणारा पैसा सरावाच्या गोळ्यांवर खर्च करावा.