गुडघा दुखावतो, बाजार जागा होतो

१७ ऑक्टोबर २०२० रोजी गुडिसन पार्कवर सामना सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती, तोच एव्हर्टनचा गोलकीपर जॉर्डन पिकफर्ड लिव्हरपूलच्या व्हर्जिल व्हॅन डाइक या बचावपटूच्या पायावर आदळला. उजव्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून जखडणारा बंध, दुखावला. शस्त्रक्रिया करावी लागली. अशा दुखापतीतून मैदानावर परतायला बहुधा आठ-नऊ महिने जातात, कधी जास्तही.

मग लिव्हरपूलने लगेच दुसरा बचावपटू का घेतला नाही? कारण खेळाडूंची खरेदी वर्षातून दोनदाच, ठरावीक मुदतीत करता येते. परदेशी क्लबांकडून घ्यायची मुदत ५ ऑक्टोबरला संपली होती, आणि इंग्लंडमधल्या खालच्या विभागांतून घ्यायची १६ ऑक्टोबरला, म्हणजे नेमकी आदल्या दिवशी. उन्हाळ्यात बचावपटू डेयान लोव्हरेनला विकून त्याच्या जागी कुणालाच आणलं नव्हतं. दुखापतीला नशीब म्हणता येईल, पण हे गणित क्लबचं होतं. नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या सरावात लिव्हरपूलचाच बचावपटू जो गोमेझ याचाही गुडघा गेला.

अफवांचा हंगाम सुरू होतो तो इथे. कोणत्या जागेवर माणूस कमी आहे आणि तो क्लब श्रीमंत आहे, हे जगाला कळलेलं असतं. मग एखाद्या बचावपटूचा एजंट ओळखीच्या पत्रकाराला सांगतो, ‘लिव्हरपूलला रस आहे.’ कदाचित तिकडून फक्त चौकशीचा एक फोन आलेला असतो. पण तेवढ्यावर त्या खेळाडूचा सध्याचा क्लब त्याला वाढीव पगाराचा करार देऊ करतो, आणि एजंटचं काम झालेलं असतं. विकणारा क्लबही गप्प बसत नाही. दोन गिऱ्हाईकं असल्याचं छापून आलं की किंमत चढते. म्हणून अशी बातमी वाचताना मी खेळाडूच्या नावाआधी ती कुणाच्या फायद्याची आहे ते बघतो. त्या हिवाळ्यात लिव्हरपूलसोबत लाइपझिगच्या दायो उपामेकानोचं नाव जोडलं जात होतं. फेब्रुवारीत बायर्न म्युनिकने त्याला उन्हाळ्यासाठी पक्कं केलं. बाजारात तुरी, आणि इकडे चाहत्यांची भांडणं.

जानेवारीतल्या खरेदीत आणखी एक अडचण असते. ऐन हंगामात आपला चांगला बचावपटू कोण सोडेल? सोडलाच तर अडला हरी ओळखून भाव सांगेल. लिव्हरपूल महिनाभर थांबलं. २८ तारखेला टॉटनहॅमविरुद्ध बचावपटू जोएल मातिपचाही घोटा दुखावला आणि थांबण्याची चैन संपली. १ फेब्रुवारी हा शेवटचा दिवस. लंडनमध्ये रात्री अकराला मुदत संपली, तेव्हा भारतात पहाटेचे साडेचार वाजलेले होते. त्या दिवशी प्रेस्टनचा बेन डेव्हिस विकत घेतला आणि शाल्केचा ओझान कबाक उसनवारीवर आणला.

सही होण्याआधी खेळाडूची वैद्यकीय तपासणी होते. हृदयाचा आलेख, सांध्यांचे एमआरआय, जुन्या शस्त्रक्रियांची कागदपत्रं असं सगळं बघतात. बातम्यांत ‘पास’, ‘नापास’ असे शब्द येतात. डॉक्टर खरं तर धोका किती ते सांगतो आणि पैसे ओतायचे की नाही ते क्लब ठरवतो. २००० साली मँचेस्टर युनायटेडला रूड व्हॅन निस्टलरॉयच्या गुडघ्याची शंका आली आणि व्यवहार अडला. काही दिवसांतच पीएसव्ही या त्याच्या तेव्हाच्या क्लबच्या सरावात त्याच गुडघ्याचा बंध तुटला. पण युनायटेडचे व्यवस्थापक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी त्याचा नाद सोडला नाही. वर्षभराने एक कोटी नव्वद लाख पौंड मोजून त्यांनी त्याला आणलंच, आणि पाच हंगामांत त्याने दीडशे गोल केले.

लिव्हरपूलच्या घाईतल्या खरेदीची कथा अशी रंगली नाही. त्या हिवाळ्यात संघ घरच्या मैदानावर लीगचे सलग सहा सामने हरला. कबाक काही सामने खेळला, पण त्याला कायमचं घेण्याचा हक्क क्लबने वापरला नाही. शेवटच्या आठवड्यांत संघ सावरून तिसरा आला, तेव्हा बचावात नॅट फिलिप्स आणि रीस विल्यम्स उभे होते. दोघंही क्लबचेच, आणि हंगामाआधी त्यांची चर्चा कुणी केली नव्हती. मेअखेरीस लाइपझिगचाच इब्राहिमा कोनाते तीन कोटी साठ लाख पौंडांना ठरला. ही रक्कम त्याच्या करारातच लिहिलेली होती, त्यामुळे घासाघीस करावी लागली नाही. बेन डेव्हिस लिव्हरपूलसाठी एकही अधिकृत सामना न खेळता आधी उसना शेफिल्ड युनायटेडला आणि मग विकत रेंजर्सला गेला.