एका कैद्याचं मत

माणसाचा जीव घेतल्याबद्दल शिक्षा भोगणारा एक कैदी ब्रिटिश सरकारला विचारतो, ‘माझं मत का काढून घेतलं?’ आणि हा प्रश्न थेट स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात जाऊन धडकतो! कैद्याचं नाव जॉन हर्स्ट.

पहिलं आश्चर्य करारातच आहे. युरोपीय मानवी हक्क कराराच्या 1952 मधल्या पहिल्या प्रोटोकॉलचं कलम 3 वाचा. ‘प्रत्येकाला मताचा हक्क आहे’ असं तिथे कुठेच लिहिलेलं नाही. सरकारांनी ठरावीक काळाने, गुप्त मतदानाने मुक्त निवडणुका घ्याव्यात, एवढंच. पण लोकांच्या हाती मतच नसेल, तर निवडणूक कसली? 1987 मध्ये बेल्जियमच्या एका खटल्यात न्यायालयाने त्या एवढ्याशा वाक्यातून व्यक्तीचा मताधिकार उलगडून दाखवला. हर्स्टने बोट ठेवलं ते त्यावरच.

आता ब्रिटनची बंदी पाहा: शिक्षा झालेल्या कैद्याला तुरुंगात असेपर्यंत मत नाही. समजा, किरकोळ चोरीसाठी एकाला चार आठवड्यांची शिक्षा झाली आणि नेमकी त्यातच सार्वत्रिक निवडणूक आली. त्याचं मत गेलं. दुसरा गंभीर गुन्ह्यासाठी तीन वर्षं आत होता, पण दोन सार्वत्रिक निवडणुकांच्या मधल्या काळात. त्याचं काहीच बुडालं नाही! मत जायचं ते कॅलेंडर बघून.

6 ऑक्टोबर 2005 रोजी 17 पैकी 12 न्यायाधीशांनी ही बंदी करारभंग ठरवली. सगळ्या कैद्यांना मत द्या, असं मात्र ते म्हणाले नाहीत. गुन्हा कोणता, शिक्षा किती, काहीच न पाहता सगळ्या रोगांवर एकच पुडी कशी, हा त्यांचा आक्षेप होता. तुरुंगात माणूस स्वातंत्र्य गमावतो. बाकीचे हक्क आपोआप गळून पडत नाहीत.

ब्रिटिश खासदारांना हे रुचलं नाही. 2011 मध्ये त्यांनी 234 विरुद्ध 22 मतांनी बंदीच उचलून धरली. स्ट्रासबर्गकडे ना पोलीस, ना सैन्य. तरीही विषय मिटेना! अखेर तात्पुरत्या रजेवर बाहेर आलेल्या कैद्यांना मतदान करता येईल, एवढ्या तडजोडीवर 2018 मध्ये प्रकरण बंद झालं. स्कॉटलंड 2020 मध्ये पुढे गेलं: बारा महिन्यांपर्यंतच्या शिक्षेच्या कैद्यांना तिथल्या निवडणुकांत मत मिळालं.

ब्रिटनची बंदी निदान शिक्षा झालेल्यांपुरती होती. आपल्या 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 62(5) तुरुंगातल्या कच्च्या कैद्यालाही मत देऊ देत नाही. निवडणूक मात्र तो लढवू शकतो! जॉर्ज फर्नांडिस 1977 मध्ये तुरुंगातूनच मुझफ्फरपूरचे खासदार झाले. ज्याचा गुन्हाच सिद्ध झालेला नाही, त्याचं मत कशाच्या आधारावर काढून घ्यायचं? निदान कच्च्या कैद्यांना तरी संसदेने हा हक्क द्यायलाच हवा.